सिनॅप्स जोडणारी प्रथिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत मी बारावी आणि बीएस्सीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. फळ्यावर 'न्यूरेक्सिन' हे चेतापेशी जोडणाऱ्या एका प्रथिनाचं नाव लिहिलं की हात वर होतात. तास संपल्यावर कुणाचे तरी आई-वडील भेटायला येतात, त्यांचे प्रश्न वेगळे असतात. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

सिनॅप्सला मराठीत 'चेतासंधी' म्हणतात. संधी म्हणजे सांधा. मग पुस्तकातल्या चित्रात दोन पेशींमध्ये फट का दाखवतात?

कारण फट खरोखरच असते. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरीबोटीशिवाय पलीकडे जाता येत नाही. चेतापेशींचंही असंच आहे. विजेचा संदेश अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूच्या, टोकापर्यंत येऊन थांबतो. तिथे रसायनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीपटलाला मिळतात, आतलं रसायन फटीत सुटतं आणि पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहकांवर, म्हणजे ते झेलणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसतं.

'सिनॅप्स' हा शब्द चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये रूढ केला. ग्रीक भाषेतल्या 'एकत्र धरणं' अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला. तेव्हा ही फट कुणी पाहिलेली नव्हती. ती दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. तिची रुंदी साधारण २० नॅनोमीटर असते.

त्या छायाचित्रांत मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी. एक, फट रिकामी नव्हती, तिच्यात काहीतरी गडद द्रव्य भरलेलं होतं. दोन, अलीकडे रसायन सुटण्याची जागा आणि पलीकडे ते झेलण्याची जागा अगदी समोरासमोर होत्या. ही समोरासमोरची मांडणी ज्यांच्यामुळे होते त्या प्रथिनांविषयी हे पान आहे.

म्हणजे ही प्रथिनं गोंदासारखी असतात का? कालवं खडकाला धरून बसतात तशी?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि आपल्या किनाऱ्यावर तो येणारच. ओहोटीला खडकावरची कालवं कोयत्यानं फोडून काढावी लागतात, इतकी ती घट्ट बसलेली असतात. शिणाणे (खडकांवरचे शिंपले) तर स्वतः धागे तयार करतात आणि त्या धाग्यांच्या टोकाची प्रथिनं ओल्या पृष्ठभागालाही पकडतात. खडक असो, लाकूड असो, लोखंडी खांब असो, शिणाण्याला सगळं चालतं.

पेशींना जोडणारी प्रथिनं याच्या उलट वागतात. समोर कोण आहे हे ओळखल्याशिवाय ती हात पुढे करत नाहीत. त्यांची एकेक पकड बऱ्याचदा दुबळी असते, सुटू शकते, पुन्हा लागू शकते. दोर एकदाच करकचून आवळण्यापेक्षा होडीला चार ठिकाणी सैल दोर बांधावेत, म्हणजे भरती-ओहोटीत ती खालीवर होऊ शकते, तसंच हे.

अशा प्रत्येक प्रथिनाचे तीन भाग लक्षात ठेवा. बाहेरचा भाग फटीत डोकावतो आणि समोरच्याला ओळखतो. मधला छोटा भाग पेशीपटलातून आरपार जातो. आत शेपटी असते आणि ती पेशीच्या आतल्या यंत्रणेला धरते. बाहेरची ओळख पटली की आतली जुळवाजुळव सुरू होते, ती या शेपटीमुळे. गोंदाला अशी शेपटी नसते, म्हणून गोंदाची उपमा मला अपुरी वाटते.

यात कोणकोणती प्रथिनं येतात?

बरीच. अक्षतंतूच्या बाजूला न्यूरेक्सिन आणि त्याच्यासमोर न्यूरोलिगिन, ही सर्वांत जास्त अभ्यासलेली जोडी. शिवाय कॅडहेरिन, प्रोटोकॅडहेरिन, टेन्यूरिन, लॅट्रोफिलिन, सिनकॅम आणि ल्युसीन या अमिनो आम्लाच्या आवर्तनांमुळे घोड्याच्या नालेच्या आकारात वाकलेली अनेक प्रथिनं. सगळ्यांविषयी इथे लिहीत नाही. ज्यांची रचना समजली की बाकीचं आपोआप समजतं, तेवढीच घेते.

न्यूरेक्सिनचा शोध कोळ्याच्या विषातून लागला हे खरं आहे का?

खरं आहे. आपल्याकडे घरात फिरतो तो कोळी नव्हे, 'ब्लॅक विडो' नावाचा विषारी कोळी. त्याच्या विषातलं अल्फा-लॅट्रोटॉक्सिन चेतापेशीच्या टोकाला लागलं की तिथल्या साठवणीतलं रसायन एकदम बाहेर पडतं. हे विष पेशीवर नेमकं कुणाला पकडतं, हे शोधताना थॉमस सुडहॉफ यांच्या गटाला १९९२ मध्ये न्यूरेक्सिन सापडलं. सुडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं ते मात्र पेशीतल्या पिशव्यांच्या वाहतुकीवरच्या कामासाठी, जेम्स रॉथमन आणि रँडी शेकमन यांच्याबरोबर. मुलं परीक्षेत या दोन गोष्टींची गल्लत करतात.

न्यूरेक्सिन हे विष धरतं ते कॅल्शियम असेल तरच. पुढे लक्षात आलं की कॅल्शियम नसतानाही हे विष पेशीला पकडू शकतं, म्हणजे त्याला धरणारं आणखी कुणीतरी असणार. ते निघालं लॅट्रोफिलिन. गंमत अशी की तेही सिनॅप्सवरचं जोडणारं प्रथिनच ठरलं. एकाच विषानं दोन वेगळी दारं दाखवून दिली.

न्यूरेक्सिन दिसतं कसं?

माणसात न्यूरेक्सिनची तीन जनुकं आहेत. प्रत्येक जनुकापासून एक लांब रूप तयार होतं, अल्फा, आणि एक आखूड, बीटा. अल्फाच्या बाहेरच्या भागात सहा 'एलएनएस' डोमेन असतात आणि दोन-दोनच्या प्रत्येक जोडीत मध्ये एक, असे तीन छोटे 'ईजीएफ' डोमेन. डोमेन म्हणजे प्रथिनाच्या साखळीची स्वतंत्रपणे घडी पडलेली एक गाठ. सुतळीत थोड्या थोड्या अंतरावर सुपाऱ्या ओवाव्यात तसं चित्र डोळ्यांसमोर आणा. बीटा रूपात यातली फक्त शेवटची, सहावी सुपारी असते.

एका एलएनएस डोमेनची घडी फार देखणी आहे. अमिनो आम्लांच्या पट्ट्या शेजारीशेजारी बसून दोन चादरी होतात आणि त्या एकमेकींवर बसतात, नमस्कारासाठी हात जोडताना किंचित पोकळ राहिलेल्या तळव्यांसारख्या. महत्त्वाचं सगळं या तळव्यांच्या कडेला घडतं. कॅल्शियमचा आयन कडेला बसतो, जोडीदार कडेलाच येऊन टेकतो, आणि ज्या ठिकाणी जनुकाच्या संदेशात काटछाट होऊन जादा तुकडे येतात तीही कडेलाच. उत्क्रांतीनं गाभा जपला आणि फेरफार कडेला केले.

अल्फा रूपाची स्फटिकातली रचना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा मधला भाग बराचसा ताठ दांड्यासारखा आहे आणि टोकाकडच्या डोमेनना हलायला वाव आहे. अवघ्या २० नॅनोमीटरच्या फटीत हे एवढं लांब प्रथिन बसतं कसं, याचं उत्तर या हलत्या सांध्यांत आहे.

न्यूरोलिगिन हे 'काम सोडलेलं विकर' आहे असं तुम्ही वर्गात म्हणालात. म्हणजे काय?

याचं उत्तर हापूसच्या बागेतून द्यावं लागेल.

मोहोरावर तुडतुडे पडले की फवारणी होते. त्यातली ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात. हे विकर सिनॅप्सवर ॲसिटिलकोलिन या संदेश नेणाऱ्या रसायनाचे तुकडे करून संदेश थांबवतं. ते बंद पडलं की संदेश थांबतच नाही, कीटक आखडून मरतो. फवारणी करणाऱ्या माणसाच्या अंगातही तेच विकर असतं. म्हणून तोंडाला पंचा गुंडाळून भागत नाही, हातमोजे आणि योग्य मास्क लागतोच. हे मी विषय सोडूनही दर वर्षी सांगते. बागायतदारांची मुलं वर्गात असतात.

या विकराच्या आत एक खोल घळ असते आणि घळीच्या तळाशी सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल. सगळं काम त्या सेरीनवर चालतं, आणि कीटकनाशकही त्यालाच जाऊन चिकटतं. या विकराची त्रिमितीय रचना १९९१ मध्ये उलगडली, टॉर्पेडो नावाच्या माशाच्या विकरावरून. पाकटाच्या नात्यातला हा मासा विजेचा झटका देतो.

आता न्यूरोलिगिनकडे या. १९९५ मध्ये ते न्यूरेक्सिनचा जोडीदार म्हणून सापडलं. त्याची साखळी वाचली तेव्हा दिसलं की बाहेरचा मोठा भाग हुबेहूब या विकराच्या घडीचा आहे. फक्त जिथे सेरीन हवं तिथे ग्लायसीन आहे. म्हणजे अवजार तेच, पण पातं काढून घेतलेलं. कोयत्याची मूठ राहावी आणि तिचाच पुढे दुसऱ्या कामाला उपयोग व्हावा, तसं उत्क्रांतीनं केलं. घडी ठेवली, काम बदललं. रचनाशास्त्र शिकवताना याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

मग ही दोघं एकमेकांना नेमकी धरतात कशी?

२००७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी या जोडीची स्फटिकातली रचना प्रसिद्ध केली. न्यूरोलिगिन एकटं नसतं. दोन न्यूरोलिगिन पाठीला पाठ लावून जोडीनं बसतात. प्रत्येकाची दोन सर्पिल (साखळीचे पीळ पडलेले भाग) एकत्र येऊन चार सर्पिलांची मोळी होते आणि तीच त्यांना बांधून ठेवते. या जोडीच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना एकेक न्यूरेक्सिन येऊन लागतं. म्हणजे एकूण चार जण. कावड खांद्यावर घेतली की दोन्ही टोकांना घागरी लटकतात, तशी ही मांडणी. सांध्यावर कॅल्शियमचा आयन असतो. तो काढून घेतला की पकड सुटते.

एका न्यूरोलिगिनऐवजी दोघांची जोडी असल्यामुळे पलीकडची दोन न्यूरेक्सिनही एकमेकांच्या जवळ येतात. ती जवळ आली की त्यांच्या आतल्या शेपट्या जवळ येतात, आणि त्या शेपट्यांना धरणारी प्रथिनं एका जागी गोळा होऊ लागतात. अलीकडे रसायन सोडण्याची यंत्रणा, पलीकडे न्यूरोलिगिनच्या शेपटीला धरणारं पीएसडी-९५ नावाचं प्रथिन आणि त्याच्याबरोबर ग्राहक. उत्तेजित करणाऱ्या सिनॅप्सवर मुख्यतः न्यूरोलिगिन-१ असतं. शांत करणाऱ्या सिनॅप्सवर न्यूरोलिगिन-२ असतं आणि ते आतून गेफायरिन नावाच्या प्रथिनाला धरतं.

तीन जनुकांपासून हजारो प्रकारची न्यूरेक्सिन होतात असं वाचलं. हे कसं?

जनुकाचा संदेश वापरण्याआधी त्याची काटछाट होते. काही तुकडे ठेवले जातात, काही गाळले जातात. न्यूरेक्सिनच्या संदेशात अशा सहा जागा आहेत. प्रत्येक ठिकाणी वेगळी निवड झाली की सगळ्यांची मिळून हजारो रूपं होतात. न्यूरेक्सिन-१ चं जनुक माणसातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक आहे, सुमारे ११ लाख अक्षरांचं.

सहापैकी चौथी जागा नीट समजून घ्या. तिथे ३० अमिनो आम्लांचा तुकडा असतो किंवा नसतो. तो नसेल तर नालेच्या आकाराचं एलआरआरटीएम नावाचं प्रथिन न्यूरेक्सिनला धरू शकतं. तो असेल तर ते धरू शकत नाही, पण सेरेबेलिन धरू शकतं. एका तुकड्यानं जोडीदारच बदलतो. आडनाव तेच राहतं, घरचा पत्ता मात्र वेगळा.

सेरेबेलिन म्हणजे काय?

अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत, तोल आणि हालचाल सांभाळणाऱ्या पुर्किंजे पेशी असतात. त्यांच्यावर बारीक तंतूंचे प्रचंड संख्येनं सिनॅप्स असतात. तिथे न्यूरेक्सिन पलीकडच्या प्रथिनाला थेट धरत नाही. सेरेबेलिन हे पेशीतून बाहेर टाकलेलं, कुठल्याही पटलात न रुतलेलं प्रथिन मध्ये येऊन दोघांना जोडतं. अलीकडे न्यूरेक्सिन, मध्ये सहा एककांचं सेरेबेलिन, पलीकडे ग्लू-डेल्टा-२ नावाचा ग्राहक. ओढ्यावर साकव टाकताना मधल्या खडकाचा आधार घ्यावा तसा हा तिसरा गडी. ही साखळी २०१० मध्ये कळली आणि २०१६ मध्ये तिच्या रचनेचं चित्र मिळालं.

कॅडहेरिनच्या नावातच कॅल्शियम आहे का?

हो. मासातोशी ताकेइची यांनी दिलेलं हे नाव 'कॅल्शियम' आणि 'चिकटणं' या दोन शब्दांवरून आलं आहे. बाहेरच्या भागात एकापुढे एक पाच डोमेन असतात आणि दोन डोमेनच्या प्रत्येक जोडावर तीन कॅल्शियम आयन. कॅल्शियम असेल तर ही साखळी किंचित वाकलेल्या ताठ काठीसारखी उभी राहते. नसेल तर ओल्या सुतळीसारखी लुळी पडते.

पकड टोकाच्या डोमेनमध्ये असते. तिथे ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल खुंटीसारखं पुढे येतं आणि समोरच्या कॅडहेरिनच्या खाचेत बसतं. त्याच वेळी समोरच्याची खुंटी याच्या खाचेत बसते. सुतारकामात असा परस्पर खाच-खुंटीचा जोड पाहिलेल्या मुलांना हे लगेच कळतं. प्रत्येकजण समोरच्याला तेच देतो जे स्वतः घेतो, म्हणून एन-कॅडहेरिन मुख्यतः एन-कॅडहेरिनलाच पसंत करतं. पूर्ण वाढलेल्या सिनॅप्समध्ये कॅडहेरिन बहुधा कडेनं असतं आणि मधली जागा संदेशाच्या कामासाठी मोकळी राहते.

जोडताना ओळख पटवण्याची ही गोष्ट फार जुनी आहे. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी समुद्रातला स्पंज बारीक कापडातून गाळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांच्यापासून स्पंज तयार झाला. स्पंजाला चेतापेशी नसतात. एकमेकांना ओळखून धरण्याची रीत मेंदूच्या कितीतरी आधीची आहे.

म्हाकूळ आणि ऑक्टोपसचा या विषयाशी काय संबंध?

खूप जवळचा, आणि हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. बाजारातून आणलेलं म्हाकूळ साफ करताना अंगाची पिशवी उभी चिरून उघडा आणि आतल्या बाजूला, डोक्याकडच्या काठाजवळ पाहा. दोन्ही अंगांना एकेक पांढुरकी, ताऱ्यासारखी गाठ दिसेल. तिथून फाकणाऱ्या तंतूंत महाकाय अक्षतंतू असतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी चेतातंतूतून वीज कशी वाहते हे १९५२ मध्ये सिद्ध केलं ते म्हाकुळाच्या अशाच अक्षतंतूवर. याच गाठीतल्या महाकाय सिनॅप्सवर पुढे बर्नार्ड कात्झ यांनी काम केलं. कालवणात जाणाऱ्या एका प्राण्यानं मेंदूचं विज्ञान उभं केलं आहे.

आता प्रथिनांकडे. २०१५ मध्ये ऑक्टोपसचा जनुकसंच वाचला गेला आणि त्यात १६८ प्रोटोकॅडहेरिन जनुकं निघाली, सस्तन प्राण्यांच्या दुपटीहून जास्त. प्रोटोकॅडहेरिन म्हणजे कॅडहेरिनचे चुलत भाऊ, पाचऐवजी बहुधा सहा डोमेनचे.

आपल्यात यांतली पन्नासएक जनुकं पाचव्या गुणसूत्रावर रांगेत बसलेली आहेत. प्रत्येक चेतापेशी त्यांतली थोडीच, जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडते. त्यामुळे शेजारच्या दोन पेशींचा संच सहसा सारखा नसतो. समोरासमोर आल्यावर पहिले चार डोमेन उलट्या दिशेनं एकमेकांवर येतात आणि अंगाला अंग लावून बसतात. शिवाय एकाच पेशीवरची दोन प्रोटोकॅडहेरिन तळाशी जोडीनं असतात. समोरच्या पटलावर अगदी तोच संच असेल तर पँटच्या चेनसारखी लांबच लांब साखळी लागत जाते. एकच प्रकार वेगळा निघाला तर ती तिथे तुटते. लांब साखळी लागली की पेशीला कळतं, 'ही माझीच फांदी आहे', आणि ती फांदी मागे सरते. म्हणजे इथे चिकटण्याचा उपयोग दूर होण्यासाठी केलेला आहे.

फळमाशीनं हेच काम डीस्कॅम नावाच्या एकाच जनुकावर भागवलं. काटछाटीतून त्याची ३८,०१६ रूपं होऊ शकतात. माणूस आणि माशी दोघांची अडचण एकच होती, स्वतःच्या फांद्यांत गुंतू नये. वाटा मात्र वेगळ्या निघाल्या.

टेन्यूरिन आणि लॅट्रोफिलिन ही जोडीही अशीच का?

जोडी आहे, पण घडणीनं निराळी. टेन्यूरिन अवाढव्य असतं आणि त्याच्या बाहेरच्या भागात पिंपासारखी एक पोकळ घडी आहे. अशीच घडी काही जिवाणूंच्या विषप्रथिनांत सापडते. हे २०१८ मध्ये दिसलं. त्याच्या समोर लॅट्रोफिलिन असतं, ज्याची ओळख वर कोळ्याच्या विषात झालीच आहे.

इतक्या लहान गोष्टींचा आकार कळतो कसा?

मुख्य रस्ता क्ष-किरणांचा. प्रथिन शुद्ध करायचं, त्याचे स्फटिक वाढवायचे आणि त्यावर क्ष-किरण सोडून विखुरलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढायच्या. साखरेचा पाक थंड होताना खडीसाखर जमते, तेवढं हे सोपं नसतं. या प्रथिनांवर शर्करेच्या फांद्या असतात आणि त्यामुळे ती नीट रांगेत बसत नाहीत. अलीकडे गोठवलेल्या नमुन्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात, त्याला स्फटिक लागत नाहीत. या पद्धतीसाठी २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगते. जगात कुणीही प्रथिनाची रचना काढली की ती बरोबर आहे का हे तपासायला रामचंद्रन आलेख वापरतात. जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह तो १९६३ मध्ये मद्रासमधून मांडला. साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, हे त्यावरून कळतं.

ही प्रथिनं काढून टाकली तर सिनॅप्स तयारच होणार नाहीत ना?

इथे उत्तर सरळ नाही.

२००० साली एक प्रयोग झाला. मूत्रपिंडापासून आलेल्या पेशींवर न्यूरोलिगिन बसवलं आणि शेजारी चेतापेशी वाढवल्या. अक्षतंतू त्या परक्या पेशींना भिडले आणि तिथे रसायनाच्या पिशव्यांसकट सिनॅप्सचं टोक तयार करू लागले. समोर चेतापेशी नाहीच, तरीही. तेव्हा वाटलं, सिनॅप्स घडवणारं प्रथिन सापडलं.

मग २००६ मध्ये ज्यांच्यात न्यूरोलिगिनची तीनही जनुकं नाहीत असे उंदीर तयार केले गेले. ते जन्मल्यावर थोड्याच वेळात श्वास न चालल्यानं मेले. पण मेंदू तपासला तर सिनॅप्सची संख्या फारशी घटलेली नव्हती. ते होते, काम मात्र धड करत नव्हते. अल्फा न्यूरेक्सिन नसलेल्या उंदरांतही २००३ मध्ये असंच दिसलं होतं. सिनॅप्स होते, पण रसायन नीट सुटत नव्हतं.

म्हणून या प्रथिनांना 'सिनॅप्स घडवणारी' म्हणण्यापेक्षा 'सिनॅप्सची घडी बसवणारी' म्हणावं असं माझं मत आहे. पहिली भेट अनेक प्रथिनं मिळून घडवतात, एक गेलं तर दुसरं सांभाळून घेतं. त्या भेटीतून कोणता सिनॅप्स होईल, किती जोराचा, किती टिकाऊ, हे न्यूरेक्सिन-न्यूरोलिगिनसारख्या जोड्या ठरवतात.

माझ्या मुलाला स्वमग्नता आहे. त्याचं कारण हीच प्रथिनं आहेत का?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईशी मी घाईत बोलत नाही, म्हणून इथेही नीट लिहिते.

२००३ मध्ये स्वीडनमधल्या दोन कुटुंबांत, स्वमग्नता असलेल्या भावांमध्ये न्यूरोलिगिनच्या जनुकांत बदल सापडले. त्यातल्या एका बदलात न्यूरोलिगिन-३ च्या ४५१ व्या जागी आर्जिनीनऐवजी सिस्टीन आलं होतं. त्यामुळे प्रथिनाची घडी बिघडते आणि त्यातलं बरंचसं पेशीच्या आतच अडकून राहतं. पुढे न्यूरेक्सिन-१ च्या जनुकाचा तुकडा गळालेली माणसंही सापडली. त्यांच्यापैकी काहींना स्वमग्नता आहे, काहींना स्किझोफ्रेनिया, आणि काहींना काहीच त्रास नाही.

स्वमग्नता असलेल्या फार थोड्या मुलांमध्ये हे बदल सापडतात. त्यामुळे तुमच्या मुलाचं कारण हेच असं म्हणता येत नाही. आईनं गरोदरपणी काय खाल्लं, मुलाला कुणी कमी वेळ दिला, लस दिली, यांपैकी कशानंही न्यूरोलिगिनची घडी बिघडत नाही. तुमची चूक झालेली नाही. जनुकचाचणी करावी का, हे बालविकासतज्ज्ञांना विचारा. पण तिच्या निकालासाठी वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी थांबवून ठेवू नका. तालुक्याच्या गावाहून रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला सारख्या खेपा घालणं किती कठीण जातं हे मी पाहिलं आहे. तरीही उपचार लवकर सुरू झालेले बरे.

कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर सिनॅप्स मजबूत होतात का?

नाही. पेशींबाहेरच्या द्रवातलं कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे एका पातळीवर ठेवतं. हाडांसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर घ्या, स्मरणशक्तीसाठी नको.

शिकताना ही प्रथिनं बदलतात का?

बदलतात. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीच्या जातीतल्या अप्लिसियावर केलेल्या कामासाठी २००० चं नोबेल मिळवलं. १९९२ मध्ये त्यांच्या गटाला दिसलं की दीर्घकाळ टिकणारी आठवण तयार होण्याच्या सुरुवातीला चेतापेशी आपल्या पृष्ठभागावरची काही जोडणारी प्रथिनं आत ओढून घेते. आधी दोर सैल करायचे, मग नव्या फांद्या फुटतात, मग नवे जोड लागतात. घट्ट बांधलेलं तसंच ठेवलं असतं तर नवीन शिकायला जागाच उरली नसती.

घरी किंवा शाळेत याचं मॉडेल करता येईल का?

येईल, आणि त्याला काही विकत आणावं लागत नाही. १ नॅनोमीटर म्हणजे दीड सेंटीमीटर असं प्रमाण धरा. मग सिनॅप्सची फट ३० सेंटीमीटर होते, म्हणजे एक फूटपट्टी. दोन फळ्या ३० सेंटीमीटर अंतरावर समोरासमोर उभ्या करा, ती दोन पेशीपटलं. न्यूरोलिगिनसाठी नारळाच्या दोन करवंट्या पाठीला पाठ लावून सुंभानं घट्ट बांधा आणि एका फळीला सैल दोरानं जोडा. बीटा न्यूरेक्सिनचा एकेक डोमेन म्हणजे सालासकट एक सुपारी, श्रीवर्धनी रोठा असेल तर आकार चांगला जमतो. दोन सुपाऱ्या समोरच्या फळीला दोरानं बांधून करवंट्यांच्या बाहेरच्या अंगाला टेकवा. टेकतात तिथे मधे एक चिंचोका ठेवा, तो कॅल्शियम. प्रत्यक्ष आयन त्याहून कितीतरी लहान असतो, पण मुलांना जागा दिसली पाहिजे.

याच प्रमाणात माणसाचा एक केस, ८० मायक्रोमीटर जाडीचा धरला तर, सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड होतो. हे सांगितलं की वर्गात शांतता पसरते.

गेल्या वर्षी एका मुलीनं अल्फा न्यूरेक्सिन करायचं ठरवलं. सहा सुपाऱ्या, आणि ईजीएफ डोमेनसाठी तीन शेंगदाणे. तिची माळ ३० सेंटीमीटरच्या फटीत मावेना. तिनं माळ कापली नाही. पहिल्या आणि शेवटच्या सुपारीजवळचा दोर सैल केला, तिथे माळ वाकवली आणि ती आत बसवली.